ओव्हनमध्ये ‘गॅस’ भरून देणारा आपला माणूस

४,९५० रुपये. एवढ्याला मी गंडलो, आणि गंडलो ते गोड मराठीला भुलून. तेवढ्यावर भागलं असतं तर लिहायला बसलो नसतो. पण त्या माणसानं पैसे घेऊन वर घरादाराच्या जिवाला घोर लावून ठेवला होता.

आमच्याकडे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. भाच्यानं आणि मी मिळून ती कॅराव्हॅनसारखी करून घेतली. मागं दोन बाक, त्यांचीच रात्री झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, १२ व्होल्टच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि ओट्यावरच्या कपाटात घरचाच जुना मायक्रोवेव्ह. बेळगावातून कधी गोकाकचा धबधबा, कधी सौंदत्ती, कधी बदामी, नाहीतर चोर्ला घाटातनं गोवा. पाहुणेरावळेही बरोबर असतात. मायक्रोवेव्ह ही चैन वाटेल, पण गाडीत लहान मूल असलं आणि रात्री दोन वाजता दूध कोमट करायचं झालं की ती चैन राहत नाही. हलत्या-डुलत्या गाडीत गॅसची शेगडी पेटवायची आम्हाला भीती वाटते.

पावसाळा सरता सरता चोर्ल्याच्या खड्ड्यांतनं आलो आणि ओव्हननं दगा दिला. दिवा लागायचा, काचेची प्लेट फिरायची, वेळ संपला की टिंग वाजायचं, दूध मात्र थंडच्या थंड.

मोबाइलवर कंपनीचं नाव आणि बेळगाव असं टाकून शोधलं. पहिलाच नंबर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ म्हणून होता. इथंच मी पहिली चूक केली. ओव्हनच्या पुस्तकात आणि मागच्या पत्र्यावर कंपनीचा टोल फ्री नंबर छापलेला असतो, तो मी बघितलाच नाही. शोधून वर येणारा नंबर कुणीही टाकलेला असू शकतो.

लावल्या लावल्या पलीकडून आवाज आला, “नमस्कार काका, बोला की.” सीमाभागात राहणाऱ्याला मी काय सांगायचं! बँकेत, दवाखान्यात, फोनवरच्या प्रत्येक रेकॉर्डेड बाईसमोर आपण भाषा शोधत असतो. कुणी आपल्या वळणाचं मराठी बोललं की निम्मा संशय तिथंच विरघळतो. हा तर “आमचं आजोळ खानापूरकडं” म्हणाला. मग काय, मी चहा टाकायला सांगितला.

पोरगा तासाभरात आला. दारातच ओव्हन हलवून बघितला, कान लावला आणि म्हणाला, “काका, मॅग्नेट्रॉन गेलाय. आणि गॅस पण लीक झालाय बगा.”

“ओव्हनमध्ये गॅस असतो?”

“असतंय की. फ्रिजात नसतंय का?”

मला ते पटलं. आता लिहितानाही लाज वाटते. मायक्रोवेव्हमध्ये गॅस नसतो. भरायचा नसतो, लीक व्हायचा नसतो. मॅग्नेट्रॉन ही लहरी तयार करणारी नळी. तिच्या आत निर्वात पोकळी असते, म्हणजे असलेली हवासुद्धा काढून टाकलेली असते. तिथं जो गॅस भरून देतो म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावं. चहाही न पाजला तर उत्तम.

ओव्हन तो दोन दिवस घेऊन गेला. परत आणल्यावर घरच्या प्लगला लावून कपभर पाणी उकळून दाखवलं. हिशेब तोंडी: मॅग्नेट्रॉन ३,४००, गॅस १,२००, येण्याजाण्याचे ३५०. क्यूआर कोड पुढं केला, मी स्कॅन केला. जुना मॅग्नेट्रॉन मागितला तर म्हणाला, “तो कंपनीला परत जमा करावा लागतोय.” हाताने लिहिलेलं कन्नड बिल दिलं. मी कन्नड फडाफडा बोलतो, पण वाचताना अडखळतो. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्या वयाच्या कित्येकांचं असंच आहे. घडी घालून खिशात ठेवलं.

तीन आठवडे ओव्हन चालला. मग निपाणीच्या मेहुणीचं कुटुंब घेऊन गोव्याला निघालो. घाट उतरायच्या आधी कणकुंबीजवळ गाडी बाजूला लावली. मेहुणीच्या सुनेनं बाळाचं दूध आत ठेवलं, आणि बाळ रडतंय म्हणून वेळ संपायच्या आत दार उघडलं. आतली घरघर थांबेना. दार सताड उघडं, दिवा चालू, प्लेट फिरतेय, आणि ती वाटी काढायला हात घालतेय. मी ओरडून तिला मागं ओढलं आणि इन्व्हर्टरचा स्विच बंद केला. एवढ्यानं तिला काही झालं नाही, पण माझे पाय पुढचा अर्धा तास लटपटत होते. या लहरी अन्नातलं पाणी तापवतात, आणि आपल्या अंगातही पाणीच आहे. डोळ्यांना तर त्या फार वाईट. दार उघडलं की ओव्हन तत्काळ बंद झालाच पाहिजे, एवढी एकच गोष्ट या यंत्रात कधीही चालवून घ्यायची नसते.

परत आल्यावर शहापुरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आमच्याकडं असतं तसं. त्यांनी झाकण उघडण्याआधीच मला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते, आणि तिनं माणूस मरतो. घरात टीव्ही-मिक्सर खोलणाऱ्या हौशी माणसानं हे झाकण खोलू नये. मी तरी खोलणार नाही. त्यांनी ती वीज उतरवली, मग मला आत बोलावून दाखवलं.

मॅग्नेट्रॉन जुनाच होता. त्याच्या स्क्रूंवर कारखान्यातला रंगाचा ठिपका तसाच, धूळही सगळीकडं सारखी बसलेली. दोष होता त्याच्या एका वायरच्या क्लिपमध्ये. गाडीच्या हादऱ्यांनी ती सैल झाली होती, ठिणग्यांनी काळी पडली होती. आपल्या खानापूरच्या नातवानं ती पकडीनं दाबून दिली होती. त्यावर तीन आठवडे निघाले. त्याचे ३,४००.

खरा प्रकार पुढं होता. दाराला आत तीन छोटे स्विच असतात. त्यातले दोन स्विच, दार उघडताच, वीज तोडतात. तिसरा पहारेकरी: ते दोघे अडकून पडले तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. आमच्या ओव्हनचा एक स्विच आधीपासून कुरकुरत असणार. नवा बसवायचा सोडून त्यानं दोन्ही स्विच वायरच्या तुकड्यानं जोडून टाकले होते, तिसऱ्याची वायर काढून टेप गुंडाळली होती आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली होती. म्हातारबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चोरी केली तर केली. खरं हे असलं करायचं न्हवं.”

तिन्ही स्विच, योग्य मापाचा फ्यूज, नवी क्लिप आणि मजुरी मिळून त्यांनी ६५० घेतले. काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घालून माझ्या हातात दिला, मी मागितला नव्हता तरी.

मग ते गाडीपाशी आले आणि माझीही खरडपट्टी काढली. ओव्हन मी कपाटात गच्च बसवला होता, मागं-वर हवेला बोटभर फट नाही. खाली रबर नाही. प्रवासात काचेची प्लेट आतच खुळखुळत ठेवायचो, ती आता टॉवेलमध्ये गुंडाळून बाकाखाली जाते. त्यांनी एक परीक्षा शिकवली, ती झाकण न उघडता कुणालाही जमते. एक लिटर साधं पाणी, पूर्ण पॉवरवर बरोबर एक मिनिट. आधी आणि नंतर ढवळून थर्मामीटरनं मोजायचं (तापाचा नव्हे, स्वयंपाकाचा). जितके अंश वाढतील त्याला ७० नं गुणायचं, तेवढे वॉट अन्नाला मिळतात. आमच्या ८०० वॉटच्या ओव्हननं दुकानात ११ अंश वाढवले, म्हणजे ठीक. गाडीत इन्व्हर्टरवर फक्त ८.

म्हणजे ओव्हन चांगला, वीज अपुरी. अन्नाला ८०० वॉट द्यायला ओव्हन १,२०० च्या आसपास खेचतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढे काढायचे तर शंभराहून जास्त अँपिअर वाहतात. आमच्या वायरी बारीक होत्या, हात लावला तर गरम. इन्व्हर्टरही स्वस्तातला, शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत वीज, न देणारा. त्यावर ओव्हन गुरगुरतो आणि कमी तापतो. जाड वायरी टाकल्या, इन्व्हर्टर बदलायचा आहे. गाडीतल्या ओव्हनची दुरुस्ती घरच्या प्लगवर दाखवून कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. गाडीत लावून, दार मध्येच उघडून बघायचं, मग खिशात हात घालायचा.

ते बिल शेजारच्या कन्नड शाळेत शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घेतलं. मॅग्नेट्रॉनचा शब्द नाही, गॅसचा नाही. ‘सर्व्हिस चार्ज ४,९५०, गॅरंटी नाही’, आणि खाली माझीच सही. पोरगी वाचताना हसत होती, मला मात्र घाम फुटला.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल करायची फी लागत नाही, तिथं जायचा विचार आहे. वकील मित्र म्हणतो, बिल तुझ्याविरुद्धच बोलतं, पण कापलेल्या वायरींचे फोटो आणि म्हातारबाबांचं लेखी म्हणणं आहे, बघू.

मध्यंतरी माझा नंबर त्या पोरानं ब्लॉक केला. परवा बायकोच्या फोनवरून लावला आणि स्पीकरवर टाकला. एका रिंगमध्ये उचलला.

“नमस्कार काकी, बोला की.”

तिनं सांगितलं, ओव्हन तापत नाही.

“दिवा लागतोय न्हवं? मग गॅस गेला असणार, काकी. गाव कुठलं तुमचं? आमचं आजोळ...”

या खेपेला ते चंदगडकडं होतं.