घरच्यांना एकत्र बसवायचं की वेगळं भेटायचं?

शाळा-कॉलेजातल्या मुलीची केस आली की नव्या थेरपिस्टला आधी खुर्च्या किती मांडायच्या हेच ठरवावं लागतं. मुलगी आणि आई-बाबा एकाच सत्रात, की तिला वेगळं आणि त्यांना वेगळं? बहुतेकजण ज्या पद्धतीत शिकले तीच चालवतात. फॅमिली थेरपीवाले सगळ्यांना आत बोलावतात, सीबीटीवाले, म्हणजे रुग्णाच्या विचारांवर आणि वागण्यावर काम करणारे, पालकांना बाहेरच्या बाकावर बसवतात. मला विचाराल तर त्या घरात मुलीवर टीका किती होते ते आधी पाहावं आणि मग ठरवावं.

ही तुलना ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे उपाशी राहून वजन घटवत नेण्याच्या आजाराच्या बाबतीत नीट झालेली आहे. लंडनच्या मॉड्स्ली या मनोरुग्णालयाशी जोडलेल्या संशोधकांच्या गटाने २००० साली ४० किशोरवयीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना कुटुंबासह एकत्र सत्रं दिली, काहींना आणि त्यांच्या पालकांना वेगवेगळी. एकंदरीत फरक फार नव्हता. पण जिथे आई मुलीवर सतत टीका करायची, तिथे वेगळी सत्रं सरस ठरली. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही, टीकेच्या घरांत एकत्र सत्रं घेतलेल्यांचं वजन तुलनेने कमीच वाढलं होतं. मात्र उपचार संपले तेव्हा मनःस्थितीतली सुधारणा एकत्र गटात जास्त होती, हेही विसरू नये.

मेलबर्नमध्ये १०७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली आला. त्यात एका गटात थेरपिस्ट फक्त पालकांना भेटायचे. मुलीचं वजन नर्स बघायची आणि तिच्याशी थोडं बोलायची. सहा महिन्यांच्या उपचारांअखेरीस या गटातले ४३ टक्के बरे झाले होते, एकत्र बसवलेल्यांपैकी २२ टक्के. वर्षभरानंतर मात्र हा फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. म्हणजे वेगळं भेटल्याने सुरुवातीला गाडी लवकर पुढे सरकते, एवढंच यातून घ्यावं. शिवाय हा एकाच आजाराचा पुरावा आहे; दहावीचं टेन्शन किंवा मोबाईलवरून होणारी भांडणं यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

टीका ओळखायची कशी? मुलगी खोलीत नसताना पालकांना सांगा, “पाच मिनिटं तिच्याबद्दल आणि तुमच्या नात्याबद्दल बोला, मी मध्ये काही विचारणार नाही.” संशोधनात वापरतात ती ही पद्धत दवाखान्यातही सहज जमते. पहिलं वाक्य नीट ऐका. “रात्री जेवत नाही हो ती, मला झोप लागत नाही” ही काळजी. “तिला आमची किंमतच नाही, मामाची मुलगी बघा” ही टीका. दोन्ही आया रडतील, म्हणून रडण्यावरून काही ठरवू नका.

एकत्र सत्राचा खरा फायदा असा की घर जसं चालतं तसं समोर दिसतं. प्रश्न मुलीला विचारावा, उत्तर आईने द्यावं आणि बाबांनी फोन काढावा, हे कितीही विचारपूस करून कळत नाही. एकत्र कुटुंब असेल तर ताट वाढणारी आजीही बोलवा, नाहीतर ठरलेलं सगळं स्वयंपाकघरात मोडीत निघतं. अडचण मोठ्यांना थांबवण्याची. “आजोबा, तुमचं आलं लक्षात, आता जरा तिचं ऐकू या का?” एवढं न अडखळता म्हणता येत नसेल, तर सगळ्यांना बोलावू नका. पन्नास मिनिटं पुरत नाहीत. वेळ आणि फी आधीच बोलून घ्या.

वेगळ्या सत्रांत पालक मोकळे होतात, मुलगीही. पण तुमचा पोस्टमन होतो. सत्र संपून दहा मिनिटं होत नाहीत तोच बाबांचा व्हॉट्सॲप येतो, “मॅडम, काय म्हणाली ती?” म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा, “तुम्ही मला काहीही कळवा, पण काय कळवलंत ते मी तिला सांगणार. तिचं बोलणं तिला विचारल्याशिवाय तुम्हाला सांगणार नाही, जिवाला धोका असेल तर मात्र लगेच सांगेन.” मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. पण अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकच त्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत त्यांच्या वतीने निर्णय घेणारे, असतात आणि ती जबाबदारी पार पाडण्यापुरती माहिती त्यांना देता येते. त्यामुळे “तुझं काहीच बाहेर जाणार नाही” असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, हेही आधीच सांगून टाका.

घरात मारहाण होत असेल तर तुलनेचा प्रश्नच नाही, वेगळंच भेटा. एकत्र सत्रात मुलगी किंवा बायको खरं बोलली, तर त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते.

बाकी घरांत माझा कल टीका जास्त असेल तर वेगळं सुरू करण्याकडे, नसेल तर पहिल्यापासून एकत्र. वेगळं सुरू केलं तर महिन्या-दीड महिन्याने पालकांना पुन्हा तीच पाच मिनिटं द्या. सूर बदललेला वाटला तर सगळ्यांना एकत्र बोलवा, पण त्या सत्रात एकच छोटा विषय घ्या: रात्रीचं जेवण किती वाजता आणि कोणासोबत. मार्कांचा विषय त्या दिवशी काढू नका, बाबांनी काढला तरी.