बॉबिन लेसचा धागा बदलताना: लिनन, सुती, रेशीम की पॉलिएस्टर?

बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचलेल्या पॅटर्नवर, टाचण्यांच्या आधाराने, बॉबिनवर (लहान दांड्यांवर) गुंडाळलेले धागे एकमेकांत फिरवून विणलेली लेस. पॅटर्नवर ‘लिनन ८०/२’ (८० हा धाग्याचा क्रमांक, २ म्हणजे दोनपदरी) लिहिलंय आणि हाताशी सुती ८०/२ आहे, तर तो तसाच बॉबिनवर भरू नका. आकडा एकच असला तरी मोजणी वेगळी आहे. सुतात एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते मोजतात, लिननमध्ये लड ३०० यार्डांची धरतात. म्हणून त्याच आकड्याचा लिनन धागा सुती धाग्याच्या जवळपास पावणेतीन पट वजनाचा निघतो. लिनन ८०/२ च्या तोडीचा सुती धागा २८/२ च्या आसपास येतो. पर्ल आणि कॉर्डोनेट या भरतकाम-क्रोशाच्या सुती धाग्यांच्या आकड्यांचा तर या हिशेबाशी मेळच घालू नका.

आकडा विसरा, जाडी मोजा. पट्टीवर २ सेंटिमीटरभर धागा गुंडाळा. वेढे एकमेकांना चिकटून हवेत, पण एकावर एक नकोत, आणि धागा ताणायचा नाही. वेढे मोजून दोनाने भागा. मूळ धाग्याशी दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर पॅटर्न आहे तसा वापरता येतो. जास्त असेल तर पॅटर्नची प्रत लहानमोठी करा: मूळ वेढे भागिले नवे वेढे, गुणिले १००. मूळ २४ आणि नवे ३० असतील तर ८० टक्के. टाचण्यांमधलं ५ मिलिमीटरचं अंतर ४ होईल. टाचण्याही मग बारीक लागतील.

हे टाळलं तर काय होतं? धागा बारीक पडला की क्लॉथ स्टिच (कापडासारखी भरीव वीण) विरळ दिसतो आणि टाचण्या काढल्यावर लेस लुळी पडते. जाड झाला की विणीत जागाच उरत नाही, टाचणी बसत नाही, लेस फुगून लाटा येतात.

जाडी जुळली की तंतूचा प्रश्न येतो. टोर्शनसाठी (साध्या भौमितिक नक्षीच्या बॉबिन लेससाठी) आमची पहिली पसंती लिननला. ते ताणत नाही, कडक राहतं, भौमितिक नक्षी रेखीव येते. मात्र त्यातली गाठाळ जागा हाफ स्टिचमध्ये (विरळ, जाळीदार विणीत) लगेच डोळ्यांत भरते आणि कोरड्या हवेत झटका बसला की धागा तुटतो. सुती धागा सरावाला सोपा, जास्त एकसारखा. बक्स पॉइंट या लेसप्रकारासारख्या नाजूक जाळीला बारीक सुतीच घ्या. नक्षीभोवती कड काढणारा धागा, म्हणजे गिंप, त्याहून ठळक जाड हवा, पर्ल ८ किंवा १२ बघा. रेशमाची चमक कशालाच येत नाही, पण ते निसरडं असतं. बॉबिनवरचा फास सुटतो, म्हणून एक वेढा जास्त द्या. टॅलीचा (विणलेल्या लहान भरीव पानाचा किंवा चौकोनाचा) आकारही धागा हातातून सुटला की बिघडतो. पॉलिएस्टर शिलाईधागा आम्ही सुचवत नाही. विणताना तो ताणतो, टाचण्या निघाल्या की आखडतो आणि कडा आत ओढल्या जातात.

पिळाकडेही लक्ष ठेवा. सैल पिळाचा धागा चपटा होऊन क्लॉथ स्टिच भरतो, घट्ट पिळाच्या सहापदरी धाग्याची वेणी गोल, उठावदार येते; म्हणजे मोजमाप जुळूनही रूप बदलू शकतं. काम करताना पीळ सुटत असेल तर धागा बॉबिनवर उलट्या दिशेने गुंडाळून बघा.

बॉबिनचा पूर्ण संच भरण्याआधी क्लॉथ आणि हाफ स्टिच दोन्ही असलेला ३ सेंटिमीटरचा नमुना विणा आणि रात्रभर उशीवर टाचलेला ठेवून मगच टाचण्या काढा.