चार नंबरचा लोखंडी रंधा: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो: दीड-दोन हजारांत मिळणारा चार नंबरचा (नंबर म्हणजे रंध्याचे माप) लोखंडी रंधा खोक्यातून काढून थेट लाकडावर चालत नाही. मिळतात ते ओतीव लोखंडाचे बरे सुटे भाग. त्यांचा रंधा आपण करायचा. एक-दोन सुट्ट्या त्यात घालवायची तयारी असेल, तर सागवानी टेबल, स्टूल, कपाटाच्या चौकटी यांसाठी तो झकास चालतो. नुसत्या फळ्या सपाटून हव्या असतील तर सुताराचा लाकडी रंधा स्वस्त, हलका आणि जास्त कामाचा.

तळ साडेनऊ इंची, आणि बहुतेक वेळा तोंडाच्या, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीच्या, मागे थोडा पोकळ. १० मिमी जाड काचेवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवा, तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढा आणि घासा. पाते आत ओढलेले हवे, पण लिव्हर कॅप (पाते दाबून धरणारे झाकण) नेहमीइतकी घट्ट. तिच्या दाबाने तळ किंचित वाकतो, म्हणून पाते काढून घासलेला तळ ते बसवल्यावर पुन्हा बिघडतो. पुढचे टोक, तोंडाची कड आणि टाच, या तीन जागच्या रेघा गेल्या की १२० आणि २२० नंबर फिरवून थांबा. आरसा करण्याचा सोस नको.

खरी डोकेदुखी चिपब्रेकरची, म्हणजे पात्यावर बसणाऱ्या, ढलपी मोडणाऱ्या लोखंडी पट्टीची. त्याची पुढची कड पात्याला सगळीकडे टेकत नाही. उजेडासमोर धरले की मधली फट दिसते. त्या फटीत ढलपी शिरते, चुरगळते आणि तोंड चोंदते. लोक धारेला दोष देत बसतात. ती कड खालून अशी घासायची की फक्त पुढची बारीक रेघ टेकावी, मागे किंचित मोकळे राहावे. धारेपासूनचे अंतर खडबडीत कामाला १ ते १.५ मिमी, आणि शिसवीसारख्या उलटसुलट रेषांच्या लाकडावर शेवटचा हात मारताना अर्ध्या मिलिमीटरहून कमी. इतके जवळ आणले की रेषा उपटून निघणे बरेच थांबते; जोर मात्र जास्त लागतो.

धार २५ अंशांची येते, तिच्या टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी काढावी. धार लावायला १००० नंबरचा दगड, मग ६०००, शेवटी चामड्यावर धार चकाकवणारी हिरवी पेस्ट. धारेचे दोन्ही कोपरे हलकेच जास्त घासले की पृष्ठभागावर रंध्याचे चरे उमटत नाहीत. सागात सिलिका असते, त्यामुळे स्वस्त पाते लवकर बोथट होते: ढलपीऐवजी भुसा पडू लागला आणि रंधा दाबावा लागला की दगडाकडे जा. प्लायवर तर हा रंधा मारूच नये. त्यातला गोंद धारेचे तुकडे पाडतो.

खोली ठरवणाऱ्या पितळी चाकाला अर्धा फेरा ढील आहे, म्हणजे तेवढे ते रिकामेच फिरते. पाते मागे घेऊन तसेच सोडले तर काम करताना ते आणखी आत सरकते. शेवटची हालचाल नेहमी पुढच्या दिशेने, चाकात अडसर जाणवेपर्यंत.

पावसाळ्यात रात्रीतून तळ तांबूस होतो, विशेषतः घामाचा हात लागला तिथे. शिलाई मशीनच्या तेलाचे फडके फिरवून ठेवावा, ओल्या ढलप्यांत टेकवून कधीच नाही. ओल्या सागाला लोखंड लागले की लाकडावर काळा डाग पडतो आणि तो पॉलिशखालीही दिसतो. काम करताना तळावर मेणबत्तीच्या दोन रेघा ओढल्या की ढकलायला निम्मा जोर पुरतो. जास्त मेण नको, पॉलिश धरत नाही.

लाकडी मुठीचा स्क्रू पावसाळ्यानंतर सैल होतो, पुन्हा आवळावा लागतो. तरी प्लॅस्टिकची मूठ टाळाच.

दुकानात घेताना स्टीलची पट्टी सोबत न्या. तळावर लांबीत आणि तिरकी ठेवून उजेडासमोर धरा. थोडी पोकळी घासून निघते, पिळलेला तळ मात्र निघत नाही, तो तिथेच परत करा.