पोर्शे ९४४, ट्रॅकसाठी बदललेली: दीड वर्ष चालवली, आता विकायला काढली आहे

गाडी १९८४ सालची. अडीच लिटरचं चार सिलिंडरी इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. माझ्याकडे आली तेव्हाच ती ट्रॅकसाठी बदललेली होती: मागची सीट गायब, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा) वेल्ड केलेला, कडक स्प्रिंगा, रेसिंग सीट आणि रस्त्याला चिकटून बसणारे सेमी-स्लिक टायर. दीड वर्षात अकरा दिवस ट्रॅकवर चालवली, रस्त्यावर अगदीच थोडी. गेले चार महिने विकायचा प्रयत्न चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

चालवण्याबद्दल तक्रार नाही. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं वाटलं जातं. वळणात गाडी काय करणार हे डोळ्यांआधी कमरेला कळतं. पुढची चाकं बाहेर सरकायला लागली की ॲक्सिलरेटर किंचित सैल करायचा, नाक आपोआप आत येतं. युरोपीय आवृत्तीची मूळ ताकद १६३ हॉर्सपॉवर. सरळ पट्ट्यावर आजकालच्या घरगुती गाड्याही पुढे निघून जातात, जाऊ द्यात. ताकद कमी म्हणून वळणातला वेग घालवायचा नाही, हे मी हिच्याकडूनच शिकलो. एवढे मोठे चार सिलिंडर खरं तर थरथरायला हवेत. पण दोन बॅलन्स शाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दुप्पट वेगाने फिरून थरथर मारून टाकतात. ही युक्ती मित्सुबिशीच्या पेटंटची, पोर्शेने परवाना घेऊन वापरलेली. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, तेव्हा गाडी आल्याआल्या सगळे बेल्ट बदलून घेतले. तेवढी अक्कल होती.

तिसऱ्या ट्रॅक-दिवशी मात्र ती पुरली नाही. एका लांब वळणात ऑइल प्रेशरचा काटा क्षणभर खाली आला. मला वाटलं, जुना मीटर आहे, नाचतोय. पुढच्या लॅपला त्याच जागी पुन्हा. झालं असं होतं की आधीच्या मालकाने टायर चिकट घातले, इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारा पॅन तसाच ठेवला. पकड वाढली की गाडी वळणात जास्त वेग धरते, पॅनमधलं ऑइल एका बाजूला लोटलं जातं आणि पंप हवा ओढतो. या इंजिनात पहिला फटका दुसऱ्या सिलिंडरच्या रॉड बेअरिंगला (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला) बसतो, हे जाणकारांत सर्वश्रुत आहे. इंजिन उघडलं तेव्हा त्याच बेअरिंगचा वरचा थर झिजून तांब्याचा रंग दिसत होता. क्रँक वाचला. नवे बेअरिंग टाकले, पॅनमध्ये ऑइल अडवणारे आडवे पडदे बसवले, त्यानंतर काटा हललेला नाही. बदल करताना क्रम चुकला की असं होतं. पण पहिल्याच लॅपला न थांबण्याची चूक सर्वस्वी माझी.

रस्त्यावर ही गाडी वापरू नये. डोक्याशेजारी पोलादी नळी असते आणि हेल्मेट नसतं, एवढं कारण पुरे. शिवाय चाकांना दिलेल्या कलामुळे टायर आतल्या कडेने झिजतात.

आता विक्री. बघायला दोन तऱ्हेची माणसं येतात. जुन्या गाड्यांचा संग्राहक रोल केजचे वेल्ड बघतो, कापलेला पत्रा बोटाने चाचपतो आणि चहासुद्धा न घेता निघतो. ट्रॅकवाला आधी सीटबेल्टच्या लेबलावर छापलेलं मुदतीचं वर्ष वाचतो, मग इंजिनची लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमधून हवा किती गळते ती) मागतो, आणि त्याच पैशात नवी गाडी किती वेगाने पळेल याचा हिशेब माझ्यासमोरच मांडतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. विकताना ते दुसऱ्या अर्थाने खरं ठरतं: बदलांवर घातलेला पैसा कोणी मोजत नाही.

मोजतात ते भलतंच. मूळ स्टिअरिंग, सीटा, स्प्रिंगा मी खोक्यांत जपून ठेवल्यात. ती खोकी उघडली की संग्राहकाचाही पाय थोडा अडखळतो. दुसरी माझी वही. कोणत्या तारखेला ऑइल बदललं, ब्रेक फ्लुइड कधी. डॉट ४ चं फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं: ताजं किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावलेलं १५५ लाही उकळू शकतं. म्हणून मी ते दर दोन ट्रॅक-दिवसांनी बदलायचो, आणि ते पान वाचून बोलणं पुढे सरकतं.

पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी मी शहाणपणा केला होता. तो येण्याआधी इंजिन गरम करून ठेवलं, म्हणजे एका झटक्यात सुरू होईल. त्याने आल्याआल्या बॉनेटवर तळहात टेकवला, माझ्याकडे बघितलं आणि पाच मिनिटांत गेला. काय लपवतोय असं त्याला वाटलं असणार, आणि मीही तेच समजलो असतो. तेव्हापासून इंजिन थंडच ठेवतो. जाहिरातीत आता झिजलेल्या बेअरिंगचा फोटोही आहे. फोन कमी झाले, पण येणारा जास्त वेळ थांबतो.

काल आलेला माणूस ते बेअरिंग हातात घेऊन बराच वेळ उजेडाकडे धरून बघत होता. पुढच्या आठवड्यात स्वतःचा मेकॅनिक घेऊन येतो म्हणाला. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.