पन्हळी साफ करायच्या : स्वतः चढायचं, माणूस बोलवायचा, की जाळी बसवायची?

एकाच घराच्या पन्हळी साफ करण्यासाठी दोघांकडून दर मागवले, तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट निघू शकतो, आणि तरीही दोघांतलं कुणीच फसवत नसतं. एकाने फक्त पन्हळीतला पाचोळा उचलायचे पैसे धरलेले असतात. दुसऱ्याने उभे पाइप मोकळे करणं, पाणी सोडून बघणं आणि निघालेला गाळ वाहून नेणं हेही त्यात घातलेलं असतं. त्यामुळे आकडे शेजारी मांडण्याआधी त्या आकड्यांत काय काय येतं ते विचारून घ्यावं लागतं.

दर नक्की कशाचा असतो?

कागदावर तो लांबीचा असतो. कुणी रनिंग फुटावर सांगतं, कुणी उक्तं, कुणी तासावर. पण लांबीपेक्षा उंचीच जास्त पैसे खाते. बैठ्या घराला एक माणूस आणि एक शिडी पुरते. दुमजली घराला लांब शिडी लागते, ती धरायला दुसरा माणूस लागतो आणि शिडी सरकवण्यातच निम्मा वेळ जातो. त्याहून उंच घराला परांची किंवा उचलणारं यंत्र आणावं लागलं, तर त्याचं भाडं मजुरीच्याही वर जाऊ शकतं. तेवढीच लांबी, तेवढाच पाचोळा, पण रक्कम वेगळी, ती यामुळे.

त्यानंतर येतं छप्पर. उतार तीव्र असेल, कौलं जुनी असतील किंवा पत्रा शेवाळलेला असेल, तर काम संथ होतं. आणि कित्येक वर्षं हात लावलेला नसेल तर पानांची माती झालेली असते, तिच्यात रोपंही उगवलेली असतात. ती खरवडून घमेल्यात भरावी लागते. लहान घरांना आणखी एक फटका असतो. बहुतेक जण येण्याचाच एक किमान आकार घेतात, त्यामुळे छोट्या घराला फुटामागे जास्त पडतं. शेजाऱ्याचं काम त्याच दिवशी जोडून दिलं तर हा आकार दोघांत वाटला जातो. दर कमी करून घ्यायचा हाच सर्वांत सरळ मार्ग. घासाघीस केली की बहुधा उभे पाइप कामातून वगळले जातात.

स्वतः करताना

सामान फार नाही: शिडी, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, लहान थापी, आकड्याने टांगता येईल अशी बादली, पाण्याचा लांब पाइप. शिडी घरात असेल तर पैशाचा खर्च जवळजवळ शून्य. ती विकत आणायची असेल तर मात्र पहिल्या वर्षी बचत झाली असं म्हणता येत नाही.

खरा प्रश्न पडण्याचा. शिडी टेकते तिथपर्यंतच्या दर 4 फूट उंचीला तिचा पाया भिंतीपासून 1 फूट लांब ठेवतात. जमीन सपाट आणि घट्ट हवी. हात पुरत नाही म्हणून बाजूला झुकायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. जवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिथे नेऊच नये. माझं मत विचाराल तर बैठं घर, पक्की जमीन आणि खाली शिडी धरायला कुणीतरी, या तिन्ही गोष्टी असतील तरच स्वतः करा. दुमजली घरावर चढून वाचवलेले पैसे मी बचतीत धरणार नाही.

घरच्या घरी करणारे अडकतात ते उभ्या पाइपाशी. पन्हळ लखलखीत होते, पण गाळ पाइपाच्या वळणात बसलेला असतो. वरून जोरात पाणी सोडलं की तो आणखी घट्ट होऊ शकतो. खालचं तोंड सोडवून खालून पाणी मारलं किंवा लवचिक तार घातली तर तो सुटतो.

माणूस बोलावला तर

पैसे हाताला मिळतात तसे जोखमीलाही मिळतात, आणि जोखीम खरोखर त्यांच्याकडे गेली आहे ना हे बघा. कामगारांचा विमा आहे का, कौल फुटलं तर भरून कोण देणार, हे दोन प्रश्न आधीच विचारा. अगदी स्वस्त दर अनेकदा इथेच स्वस्त झालेला असतो.

काही जण शिडी न लावता जमिनीवरूनच लांब नळीच्या व्हॅक्यूमने पाचोळा ओढतात, नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. उंच घराला आणि नाजूक कौलांना हे बरं पडतं. पण चिकट, वाळून बसलेली माती व्हॅक्यूमला दाद देत नाही, आणि सुटलेला सांधा हाताने काम करणाऱ्याला जास्त चांगला कळतो. हाताने काम करणारा तिथल्या तिथे सांधा भरून देणार असेल, तर थोडा महाग दरही परवडतो.

वर्षाचा करार घ्यायचा का? घरावर झाडाच्या फांद्या असतील तर वर्षातून दोनदा सफाई लागते, म्हणजे करार ठीक. झाड जवळपास नसेल तर एकदा बघून घेणं पुरतं. करारात तारखा आधीच ठरलेल्या असतील तर मात्र जपून: पानगळ संपण्याआधी केलेली सफाई चार आठवड्यांत वाया जाते. पानगळीच्या आणि पावसाच्या तोंडावर सगळ्यांचीच घाई असते, त्याच्या बाहेरची तारीख दिली तर दर खाली येऊ शकतो.

जाळीचं गणित

जाळी बसवली की सफाई संपली, असं विकणारे सांगतात. तसं होत नाही. बारीक बिया, धूळ आणि सूचिपर्णी झाडांच्या सुया जाळीवर किंवा जाळीखाली साचतातच, सफाई फक्त कमी वेळा लागते. समजा, जाळीचा खर्च आठ सफायांइतका आहे आणि ती बसवल्यावर वर्षाला दोनऐवजी एकच सफाई लागते. म्हणजे पैसे वसूल व्हायला आठ वर्षं. शिवाय जाळी काढून पुन्हा बसवायला लागली तर त्या एका सफाईचाही दर चढतो. घर उंच असेल आणि पाचोळा मोठ्या पानांचा असेल, तर जाळीचा विचार करावा. बैठ्या घराला मला ती पटत नाही.

काहीच न करणं हाही एक पर्याय आहे, आणि तोच सगळ्यांत महाग पडू शकतो. 100 चौरस मीटर छपरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 2,500 लिटर पाणी होतं. पन्हळ तुंबली की ते भिंतीवरून आणि पायाशी उतरतं. 12 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर खोल पन्हळ काठोकाठ भरली तर दर मीटरला 12 किलो वजन होतं. त्याने ब्रॅकेट वाकतात, पन्हळीचा उतार बिघडतो आणि पुढे दुरुस्तीचं बिल सफाईच्या कित्येक पट येतं.

माणूस बोलावला असेल तर पैसे हातात देण्याआधी त्याला पन्हळीच्या वरच्या टोकाला पाणी सोडायला सांगा आणि तुम्ही खाली पाइपाच्या तोंडाशी उभे राहा. वर सोडलेलं पाणी खाली तेवढ्याच जोराने येत नसेल, तर काम अजून बाकी आहे.