वंशावळीचं अ‍ॅप ९ महिने वापरल्यावर: मोरसला गेलेल्या रघूचा शोध

आमची आजी साखरेला कायम मोरस म्हणायची. आणि एक गोष्ट सांगायची, की तिच्या सासऱ्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ रघू "मोरसला गेला तो परत आलाच नाही". मला वाटायचं मोरस म्हणजे सिन्नरच्या पलीकडचं कुठलं तरी गाव. मोरस म्हणजे मॉरिशस, तिकडून यायची म्हणून ती मोरस साखर, हे खूप उशिरा कळलं आणि मग राहवेना, एका वंशावळीच्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण अशा सगळ्याच अ‍ॅपना हे कमीजास्त लागू होईल.

पहिले ४ महिने हाती काहीच नाही. जिल्हा नाशिक टाकून शोधत होतो ना, तिथेच चूक. नाशिक हा वेगळा जिल्हा झाला १८६९ ला, त्याआधी सिन्नर नगर जिल्ह्यात होतं. रघू त्याच्या आधीच गेलेला, मग त्याच्या कागदावर नाशिक येणार कुठून? हे अ‍ॅप सांगत नाही, आपल्यालाच माहीत असावं लागतं. दुसरी अडचण नावाची. गोऱ्या कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, त्यामुळे रघू कधी आर ए जी ओ ओ, कधी आर यू जी एच ओ ओ, आणि आडनाव तर बहुतेकांचं लिहिलेलंच नाही, फक्त बापाचं नाव. तिकडे पुढे तेच आडनाव झालं. म्हणून आडनावाने शोधू नका, बापाचं नाव आणि तालुका टाका.

असं केल्यावर मॉरिशसच्या एका कुटुंबाने टाकलेली वंशावळ समोर आली आणि तिला जोडलेला, तिकडे गेलेल्या मजुरांच्या रजिस्टरच्या उताऱ्याचा फोटो. ही रजिस्टरं तिकडे मोका नावाच्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत. उताऱ्यात नंबर, रघू, बाप सखाराम, वय २२, उंची ५ फूट ३ इंच, डाव्या भुवईवर व्रण, जिल्हा अहमदनगर, तालुका सिन्नर, मुंबई बंदर, साल १८५८. भुवईवरचा व्रण वाचला आणि मी फोन खाली ठेवला. माणूस ओळखायची खूण म्हणून लिहिलेलं ते, पण दीडशेच्या वर वर्षांत आमच्या घरातल्या कुणाला त्याचा चेहरा कसा होता ते माहीत नव्हतं.

थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला आली १८६५ ला, म्हणजे हा पोरगा घाट पायीच उतरला असणार. मग शिडाचं जहाज, मग पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या त्या १६ पायऱ्या (आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात, युनेस्कोच्या यादीत आहे), आणि गिरमिट, म्हणजे काही वर्षं मळ्यावर राबायचा करार. गुलामी बंद झाली तशी उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, १८३४ पासून जवळपास ५ लाख लोक असे गेले.

आता तक्रार. अ‍ॅपने सुचवलेले "जुळणारे नातेवाईक" यातले बहुतेक चुकीचे, सखाराम दिसला की जोडून टाकतं, एकदा तर बिहारकडचं अख्खं कुटुंब आमच्या झाडाला लटकलं आणि ते काढायला २ दिवस गेले. शिवाय महागडा प्लॅन न विचारता चालू होऊन पैसे कटले, ३ मेल टाकले, उत्तर नाही. ऑटोपे आधी बंद करा.

पण हा रघू आमचाच हे ठरलं ते अ‍ॅपवर नाही, पंचवटीत. आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो, गुरुजींनी आडनाव आणि गाव विचारलं आणि १५ मिनिटांत लाल फडक्यातून नामावळीची वही काढली. मोडीतली नोंद, शके १७८३, म्हणजे १८६१ च्या सुमाराची. धाकटा भाऊ बापाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आला होता. बाप सखाराम, मग भाऊ ओळीने, प्रत्येकाच्या पुढे बायको, मुलं. रघूच्या पुढे काही नाही, जागा मोकळी सोडलेली. गुरुजी बोट ठेवून म्हणाले, "हा परत येईल म्हणून ठेवलेली दिसतेय." मला बोलवेना.

अ‍ॅपला ५ पैकी ३, ते मॉरिशसचं कुटुंब भेटलं म्हणूनच. त्यांच्याशी आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, गणपती तिकडेही बसतो, आरती आपलीच. २०२७ च्या सिंहस्थाला ते येणार आहेत. गुरुजींना विचारून ठेवलंय, रघूच्या पुढच्या जागेत त्यांची नावं लिहायची.