हाताला तेल लागलं नाही, तिथेच कळायला हवं होतं

गाडीच्या दुरुस्तीला ३८,५०० रुपये. बायकोला मी २२ हजार सांगितलेत. इथे खरा आकडा लिहितोय.

गणपतीला सावंतवाडीला जायचं होतं, नऊ दिवस उरलेले आणि चेक इंजिनचा दिवा लागला. सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखड, सिग्नलला इंजिनची थरथर, पिकअप मेलेला. आमचा नेहमीचा मेकॅनिक नेमका गावी गेलेला. कुर्ल्याच्या बाजूला एक गॅरेज मिळालं. मालकाने स्कॅनर लावून पी-००११ हा दोषाचा कोड दाखवला. कोड खरा होता. थापा सगळ्या त्यानंतरच्या.

"दादा, व्हीव्हीटी गेलंय. कॅमचं गिअर आणि चेन, दोन्ही. अशीच घाटात नेलीत तर इंजिन बसेल." (व्हीव्हीटी म्हणजे इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या ते गरजेप्रमाणे पुढे-मागे करणारी यंत्रणा; कॅम म्हणजे त्या झडपा उघडणारा दांडा.) कशेडीला आता बोगदा झालाय, पण घाट म्हटलं की पोटात गोळा येतोच. घरची पाच माणसं, मागच्या सीटवर मखर. तुम्ही काय केलं असतंत?

गिअर २१,५००, चेन किट ९,८००, मजुरी ५,२००, ऑइल आणि फिल्टर २,०००. पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर, म्हणाला. मी नको म्हटलं. ६,९३० रुपये वाचवले, स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

आणि जुना पार्ट मागायला मी विसरलो नव्हतो! सगळे सांगतात ना, जुना पार्ट मागून घ्या. त्याने लगेच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गिअर हातात ठेवलं. मी उघडून पाहिलं, फिरवून पाहिलं, दात मोजल्यासारखं केलं. कडेला तांबूस गंज, खाचांमध्ये कोरडी धूळ. माझा ऑफिसचा पांढरा शर्ट, पण बोटावर साधा डाग नाही. अहो, ते गिअर चालतंच ऑइलच्या दाबावर. जन्मभर तेलात बुडालेली वस्तू एका दुपारी गंजते? दहा मिनिटं ती हातात धरून मी मान डोलावत होतो. रात्री झोपताना अजून आठवतं. तेव्हा फोनवर साहेब होते, पाऊस होता, मागे रिक्षावाला हॉर्न मारत होता. असो.

सतराव्या दिवशी, परतताना वडखळला दिवा पुन्हा पेटला.

आमच्या मेकॅनिकने बोनेट उघडलं आणि हसलाच. वरच्या कव्हरच्या बोल्टांवर पान्याचा ओरखडा नाही, कंपनीचा सीलंट जसाच्या तसा. कव्हर न काढता आतलं गिअर आणि चेन बदलली कशी? बदललं होतं फक्त ऑइल, तेही २०डब्ल्यू-५०. माझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० आहे. जाड ऑइलने खडखड दबली, कोड स्कॅनरने पुसला, झालं काम.

खरा दोष अंगठ्याएवढ्या भागात होता. गिअरकडे ऑइल सोडणारा, विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. त्याच्या जाळीवर काळा गाळ बसला की तो अडकतो. कॉम्प्युटर सांगतो कॅम इतका फिरव, कॅम भलतीकडेच उभा, म्हणून कोड. कधीकधी गिअर किंवा चेनही खरंच जाते, पण आधी ऑइलची पातळी आणि हा व्हॉल्व्ह बघायचा. नवा व्हॉल्व्ह ३,१५०, योग्य ऑइल-फिल्टर २,९००, मजुरी ६००. दिवा गेला.

गाळ का झाला, तर सोळा महिने मी ऑइल बदललं नव्हतं. गाडी सात हजारच किलोमीटर चालली होती ना! पण ट्रॅफिकमध्ये उभं इंजिनही चालूच असतं, तो वेळ मीटरवर दिसत नाही. ही माझी चूक, मान्य. पण तिची किंमत ६,६५० होती, ३८,५०० नाही.

चौकीत गेलो. "साहेब, हे सिव्हिल मॅटर. इंजिनात काय बदललं ते आम्ही कसं सांगणार?" मी गिअर दाखवलं, हवालदारांनी त्याने टेबलावरचे कागद दाबून ठेवले. अर्ज घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला साहेब होते, शिक्का नव्हता. ग्राहक हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं सनई, मग "बिल अपलोड करा". कच्च्या चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना गाडीचा नंबर. वाहनांच्या कार्यालयात म्हणे गॅरेजशी आमचा संबंध नाही. मग कोणाचा आहे? चुकीच्या पार्किंगचं चलन मात्र तासाभरात मोबाईलवर येतं!

पक्कं बिल घ्या. काम चालू असताना तिथेच थांबा, कव्हर उघडल्याचा फोटो काढा. जुना पार्ट ओला आहे का बघा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे यूपीआयने द्या. माझे २० हजार तसे गेले म्हणून निदान तेवढं दाखवता येतंय. बाकीचे रोख दिले, त्यांचं नावच सोडा.

तक्रारीला जोडायला काल गिअरचा फोटो काढत होतो, तेव्हा वर्तमानपत्राची तारीख पाहिली. मार्चची. माझी गाडी ऑगस्टमध्ये गेली होती.